सोर्दोच्या खोऱ्यातली शेवटची तार

आधी दार लावून घे रे. आणि चुलीत एक ओंडका सरकव. हां, आता ऐका. उलिसेसची गोष्ट सांगतो. उलिसेस बारिया, आपल्या तारा काढणाऱ्या टोळीचा मुकादम. चार वर्षं त्याच्या हाताखाली काम केलंय मी. खोटं बोलणारा माणूस नव्हे. आयुष्यात एकदाच बोलला, आणि तेच सांगतोय.

मेंढ्यांचा कारभार उठला, सोर्दो नदीचं खोरं पुन्हा रानाला मोकळं सोडायचं ठरलं, तेव्हा पहिलं काम निघालं कुंपणं काढायचं. काटेरी तारेत उएमुल हरणाचा मागचा पाय अडकतो आणि ते तिथंच तडफडून मरतं. अख्ख्या खोऱ्यात उरली होती अकरा हरणं. त्यातली एक फाटक्या कानाची मादी गाभण, म्हणून सगळ्यांचा जीव तिच्यात.

आता गंमत बघा, हे कुंपण घातलं होतं उलिसेसच्याच बापानं, बाउदिलियोनं. म्हातारा जाऊन बारा वर्षं झाली होती, पण गुत्त्यात लोक टोमणा मारायचेच, "बापानं पुरलं, पोरानं उपटलं!" उलिसेस हसून सोडून द्यायचा. आतून मात्र लागायचं हो त्याला. वर लेंगा झाडांच्या रानात शंभरेक पावलांचा एक तुकडा होता. तो घातला तेव्हा सात वर्षांचा उलिसेस बापाच्या हातात एकेक खिळा देत होता. तेवढी तार काही त्याच्याच्यानं काढवली नाही. ठेवली तशीच. कुणाला सांगितलं नाही.

नऊ जुलै, मंगळवार, ऐन हिवाळा. नदीकाठच्या चौकीवर तो वायरलेसची बॅटरी पोचवायला गेला होता. तिथली रखवालदारीण ओर्फेलिना त्याच्या लेकीच्या वयाची. तिनं मातेच्या पानांचा गरम काढा पाजला आणि विचारलं, "काका, तारा सगळ्या निघाल्या ना? फाटक्या कानाची परवापासून दिसली नाही. जीव खालीवर होतोय माझा."

"निघाल्या गं. वीतभर उरली नाही."

"बापाची शप्पथ?"

"शपथा कसल्या घालतेस बये! आई एकटी आहे घरी, निघतो मी."

निघाला तेव्हा सहा वाजले होते. काळोख पडला होता. घर तासाभराच्या वाटेवर.

पूल ओलांडला आणि बर्फ उधळणारा पांढरा वारा सुटला. तुम्ही बघितलाय तो. स्वतःचा हात स्वतःला दिसत नाही. पूर्वी अशा वेळी आपली माणसं काय करायची? कुंपण धरायची. तार हातातून सोडायची नाही, ती घरी नेते. उलिसेसनं लहानपणच्या सवयीनं डावा हात लांब केला...

तार होती.

त्यानं धरली, चालू लागला. बरं वाटलं हो त्याला! वीस-तीस पावलं गेला असेल, आणि आठवलं.

इथली तार त्यानं मार्चमध्येच काढली होती. स्वतःच्या हातानं.

तो थांबला. तार ओढली गेली. पुढून.

"कोण आहे?"

"बाबा?"

तार थरथरली. नुसती थरथरली.

घर उताराला होतं. पाय चढणीला लागले होते. तार सोडावी तर बर्फात मरण. धरावी तर पुढं कोण? आई चुलीपाशी वाट बघत बसली असेल, एवढंच डोक्यात.

"बाबा, घर खाली राहिलं! तुम्ही चुकताय!"

पुढं दहा पावलांवर बर्फ दबल्याचा आवाज. कच्... कच्... हा थांबला की तोही थांबे.

झाडं लागली. खोडावर हात फिरवला. लेंगा.

कुठं आणलंय ते तेव्हा कळलं त्याला.

तार संपली ती एका धडपडणाऱ्या अंगाशी. गरम. केसाळ. मागचा पाय तारेत पिळवटलेला. कान चाचपला...

फाटका.

"मीच ठेवली, बाबा," तो रडायलाच लागला. "माझंच चुकलं."

कमरेची पक्कड काढली, तार तोडली. मादी उठली, लंगडत काळोखात गेली. उलिसेस वळला, परतीसाठी तार शोधू लागला.

नव्हती. कुठंच नव्हती.

रात्रभर झाडाला पाठ लावून बसला. पायाची दोन बोटं गेली त्यात. उजाडल्यावर कसाबसा घरी पोचला, तर दारासमोर तारेचं भेंडोळं. नीट गुंडाळलेलं. खाली बर्फ, वर कणभर नाही. आजूबाजूला पाऊल म्हणाल तर एकही नाही. पुढं त्यानं ओर्फेलिनाला सगळं कबूल केलं, आणि आम्ही सगळे वर जाऊन आलो. त्या तुकड्याचा एक खिळासुद्धा जागेवर नव्हता. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

पण त्या सकाळचं राहिलं. त्याची आई देल्फिना दारात आली. चौऱ्याऐंशी वर्षांची म्हातारी. भेंडोळं बघितलं. मग वाकली आणि काट्यात अडकलेलं काहीतरी हळूच सोडवलं. निळ्या लोकरीच्या हातमोज्याचा अंगठा होता तो.

"माझ्या हातचं विणकाम," ती म्हणाली. "शवपेटीत निजवला तेव्हा मीच घातले होते त्याच्या हातांत. हात गार पडायचे रे त्याचे."

तिनं तो अंगठा एप्रनच्या खिशात ठेवला आणि पोराला धरून आत नेलं.