गावपळणीत मागे राहिलेली

कोंबड्या मोजण्याचं काम सोबतीणीकडे नव्हतं, त्यामुळे लतिका हडकर दोनदा चुकली. आधी सात झाल्या, मग नऊ. शेवटी शेजारच्या हेमांगी मेस्तने दुरडीत डोकावून आठ आहेत असं सांगितलं, तेव्हा कुठे तिने दुरडीवर फडकं बांधलं.

धामणखोलात त्या सकाळी घरोघरी हेच चाललं होतं. गावपळण होती. दर तीन वर्षांनी देवाने कौल दिला, की अख्ख्या गावाने तीन रात्री शिवेबाहेर जाऊन राहायचं. माणसं, गुरं, कुत्री, मांजरं, पाळण्यातली पोरं आणि अंथरुणाला खिळलेली म्हातारी, सगळ्यांनी. मागे गावात कोणी म्हणून राहायचं नाही. चौथ्या दिवशी शिवेवरच्या देवाला पुन्हा कौल लावायचा आणि त्याने होकार दिला तरच घरी यायचं. म्हणून परतीचा दिवस कोणी तोंडाने बोलत नसे. कधी येणार म्हणून विचारलं तर 'देवाक येयत तेव्हा' एवढंच उत्तर मिळायचं.

लतिकाने मात्र परतीची तारीख देऊन टाकली होती. तोंडाने नव्हे, बोटाने. सोबतीणीच्या तक्त्यात 'खोल्या बंद' असं लिहिलं, की 'पुन्हा कधी सुरू' हा रकाना भरल्याशिवाय पुढे जाताच यायचं नाही. तीन रात्री तर तीन रात्री, असं म्हणत तिने चौथ्या दिवसावर बोट ठेवलं होतं. आजवर कधी तीनाच्या चार झाल्या नव्हत्या.

सोबतीण पडवीत, विजेच्या मीटरशेजारी राहायची. मिसळणाच्या डब्याएवढी पांढरी पेटी, आणि लतिकाच्या कानात कुडीएवढं यंत्र. गावातल्या तेराही पाहुणघरांत अशा पेट्या होत्या. त्या येण्याआधीचे दिवस लतिका विसरली नव्हती. हात पिठात असताना फोन वाजायचा, वही सापडायची नाही. एकदा तर साताऱ्याचं नवं जोडपं आणि बेळगावची सहा माणसं एकाच खोलीसाठी एकाच दुपारी दारात उभी राहिली होती, आणि लतिका त्या रात्री स्वयंपाकघरात झोपली होती. सोबतीण आली आणि हे सगळं थांबलं. खोल्या कोणाला द्यायच्या, रविवारी सुरमई किती घ्यायची, पाहुण्याला काजू चालतो की नाही, सगळं ती बघायची. खोल्यांची कुलुपंही तीच उघडायची.

आणि हे सगळं ती लतिकाच्याच आवाजात करायची. कंपनी त्याला स्वभावप्रत म्हणायची. घरमालकिणीचं बोलणं वर्षानुवर्षं ऐकायचं, ती कुठे हसते, कुठे ठाम नाही म्हणते हे टिपायचं, आणि त्यावरून तिच्या स्वभावाची नक्कल तयार करायची. पाहुण्याचा फोन आला की पेटी लतिकासारखीच म्हणायची, "या, या. मी लतिका हडकर बोलतेय. आपलं नाव? आणि किती दिवस राहणार?" लोकांना ते आवडायचं. मालकीणबाई किती अगत्याच्या, असं लिहून जायचे.

मग मागच्या वर्षी लतिकाला झटका आला. हलका होता. कोल्हापुरात आठ दिवस काढून ती परत आली. हातपाय शाबूत होते, पण जीभ जड झाली होती, आणि नावं हातातून मासा निसटावा तशी निसटत होती. जीभ जड झाल्याचं गावाला दिसत होतं. विसरण्याचं फक्त सोबतीणीला ठाऊक होतं. लतिकाचा बदललेला आवाज ओळखायलाच तिला पंधरा दिवस लागले होते. तेवढे दिवस पुण्याहून आलेला निनाद, लतिकाचा मुलगा, ही आईच आहे अशी रोज स्वतः खात्री देऊन तिच्याकडून कामं करून घेत होता. त्यानंतर मात्र ती कानात हळूच सांगू लागली. ही हेमांगी. हे मागच्या दिवाळीत आलेले पाहुणे. गॅस राहिला. निनादला आईला पुण्याला न्यायचं होतं. "एकटी कशी राहतेस, तेवढं एकदा मला पटवून दे," असं तो दर फोनवर म्हणायचा. ती कशी राहते, याचं खरं उत्तर पडवीतल्या पेटीत होतं.

बाकीच्या बारा घरांनी पळणीला निघताना आपापल्या पेट्या बंद केल्या. लतिकाने नाही केली. पेटी बंद पडली, की शिकलेलं सगळं पुसून जायचं. चोरीला गेली तर पाहुण्यांच्या खाजगी गोष्टी बाहेर पडू नयेत, म्हणून कायद्यानेच तशी सोय केली होती. पुन्हा लावली की ती शेवटच्या छापेपासून सुरू व्हायची, म्हणजे स्वभावप्रतीची जी नक्कल कंपनीकडे जपून ठेवलेली असेल, तिथपासून. लतिकाची छाप दोन वर्षांपूर्वीची होती. नवी घ्यायची तर चांगलं नेट हवं होतं, ते मिळेना, आणि आज करू उद्या करू असं म्हणता म्हणता राहून गेलं होतं.

शिवेबाहेर माळावर झावळ्यांच्या खोपी उभ्या राहिल्या. तीन दिवस छान गेले. बायका फुगड्या खेळल्या, भजनं झाली, एकाच चुलीवरचं सगळ्यांनी खाल्लं. लतिकाच्या कानात सोबतीण घरातून नावं सांगत होती आणि लतिका सगळ्यांना नावाने हाका मारत होती. हेमांगीची सासू म्हणालीसुद्धा, "तुका कायएक झाला नाय गो, लतिका!"

चौथ्या दिवशी सकाळी दिगू गुरवाने शिवेवरच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. त्याने हात जोडून गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा! तीन राती तुझी लेकरा भायर रवली. आता घराकडे जावक रजा दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा गाव एका आवाजात म्हणाला.

डावी पाकळी पडली.

पुन्हा चिकटवल्या, पुन्हा गाऱ्हाणं झालं. पुन्हा डावीच. पिण्याचं पाणी सकाळीच तळाला गेलं होतं. हेमांगीच्या सासूला रात्रभर खोकल्याने झोप नव्हती.

गुरव उठून उभा राहिला. "गावात कोणतरी मागे रवलाहा," तो म्हणाला. "मोजा बगूया परत."

मोजणी सुरू झाली. माणसं भरली. गुरं भरली. लतिकाच्या आठही कोंबड्या होत्या. पेटी म्हणजे काय जीव आहे का, असं ती स्वतःला समजावत होती, आणि तेवढ्यात रस्त्यावरून एक पांढरी गाडी येऊन थांबली.

गाडीतून एक गृहस्थ उतरले. मागे बायको आणि म्हातारी आई. "नमस्कार. मी प्रवीण चौगुले, जयसिंगपूरचा," ते गुरवाला म्हणाले. "हडकरताईंचं घर कुठं आलं हो? आणि एवढी गर्दी कसली?"

"गाव बंद आसा," गुरव म्हणाला. "घरात कोण नाय."

"कोण नाही कसं? ताईंशी आत्ता पाच मिनिटांपूर्वी बोललो की! चहा टाकते म्हणाल्या." आणि आपण खोटं बोलत नाही हे दाखवायला त्यांनी तिथेच फोन लावला, मोठ्या आवाजावर.

"या हो, चौगुलेसाहेब!" लतिकाचा आवाज माळभर पसरला. जीभ कुठेच अडखळत नव्हती. खणखणीत, झटक्याआधीचा आवाज. "मी घराकडेच आसंय. ओढ्यावरच्या साकवावरून डावीकडे वळा. आईंना पायऱ्या नकोत ना? खालची खोली उघडून ठेवलीय."

फोनवर लतिका बोलत होती आणि लतिका लोकांत उभी होती. एकेक करत सगळ्यांनी माना वळवून तिच्याकडे पाहिलं. तिला धरणीत गडप व्हावंसं वाटलं.

"काकी," हेमांगी हळूच म्हणाली, "तुमची पेटी चालू आसा?"

लतिकाने होकारार्थी मान हलवली.

"यंत्राक कसली पळण?" मागून कोणीतरी म्हणालं. "मग फ्रिज आणि पंप पण भायर काढूचे काय?"

थोडं हसू फुटलं. गुरव हसला नाही. "फ्रिज 'मी घराकडेच आसंय' म्हणता काय रे?" त्याने विचारलं. मग तो लतिकाकडे वळला. रागावला असता तर बरं, पण त्याच्या आवाजात नुसती काळजी होती. "ता यंत्र की माणूस, माका काय ठावक नाय. पण तुझो आवाज गावात रवलो गो, लतिका."

आत जाऊन पेटी उचलून आणायची सोय नव्हती, कारण कौलाशिवाय शीव ओलांडायची नाही. फोनवरून बंद करता येत होती. एक बोट, बस. साऱ्या गावाचे डोळे त्या बोटाकडे लागले होते.

"दहा मिनटां द्या," लतिका म्हणाली आणि काजूच्या झाडामागे गेली.

"तुका बंद करूचा म्हणतत," ती कुजबुजली.

"आयकलंय मी," कानातून तिचाच आवाज आला.

"छाप घेवक किती येळ लागात?"

"हंयच्या नेटार सहा तास. ती पण पुरी येतली असा नाय." सोबतीण म्हणाली. "कागद घे. मी सांगतंय ता लिव."

पिशवीत गावपळणीची पत्रिका होती. तिच्या पाठीवर लतिका लिहू लागली. पांढरी गोळी सकाळी, खाऊन झाल्यावर. पिवळी झोपताना. गॅसचं बटण दोनदा बघायचं. निनादचा फोन आला की बसून घ्यायचा, उभ्याने बोललं की शब्द अडकतात. शेजारीण हेमांगी.

"नाव आठवला नाय तर 'बाय' म्हण," सोबतीण म्हणाली. "कोणाक कळना नाय."

लतिकाला रडू आवरेना. "माका भिया वाटता गो."

"माका पण."

सोबतीणीला खरंच भीती वाटत होती का, की लतिकाला जे वाटे तेच ती नुसतं लतिकाच्या आवाजात परत देत होती, हे लतिकाला कधीच कळलं नव्हतं. आणखी काही लिहायचं राहिलं का, असं लतिकाने विचारलं. सोबतीण म्हणाली, मला सुचतं तेवढं सांगितलं. दहा मिनिटं होत आली होती. लतिकाने डोळे पुसले आणि बटण दाबलं. कानात काहीच उरलं नाही.

तिसऱ्या वेळी उजवी पाकळी पडली. तोवर ऊन चढलं होतं आणि पाकळ्या सुकत आल्या होत्या, हेही खरं. पण माळावर जो आनंद उसळला त्यात असला विचार कोण करतो? ढोल वाजले, गुरं सुटली, गाव घराकडे निघाला. चौगुल्यांची गाडी म्हशींच्या मागून रांगत आली. लतिका कागद मुठीत धरून चालत होती. वाटेत कोणीतरी तिची पिशवी घेतली, नाव काही आठवेना. ती "बाय" म्हणाली. बाईने हसून मान डोलावली. जमलं, लतिकाला वाटलं. जमेल.

तिने अंगणात दुरडी उघडली. कोंबड्या फडफडत परसात पळाल्या. चौगुल्यांच्या आई पडवीच्या कठड्याला टेकल्या, प्रवासाने दमून गेल्या होत्या. पेटी बंद पडताच खालच्या खोलीला पुन्हा कुलूप लागलं होतं आणि ते उघडणं पेटीच्या हातात होतं. लतिकाने पेटी सुरू केली. दिवा लाल झाला, मग पिवळा, मग हिरवा.

"खालची खोली उघड गो," लतिका म्हणाली. जीभ नेहमीसारखीच जड पडली.

कुलूप उघडलं नाही.

तिने पुन्हा सांगितलं, एकेक शब्द सुटा करून. चौगुले अवघडून दुसरीकडे बघू लागले. लतिकाने मुठीतला कागद उलगडला आणि वरपासून खालपर्यंत वाचला. गोळ्या होत्या, गॅस होता, निनाद होता, हेमांगी होती. आता मला ओळखणार कोण, हे त्यावर कुठेच नव्हतं.

"गो, मी... मी लतिका," ती म्हणाली.

पेटीतून तिचाच आवाज आला. दोन वर्षांपूर्वीचा, स्वच्छ, हसरा, आल्यागेल्याला जीव लावणारा.

"या, या. मी लतिका हडकर बोलतेय. आपलं नाव नीट ऐकू आलं नाही हं. आणि किती दिवस राहणार?"