उणे अठरातली सही

विमा कंपनीचं पत्र ताईंनी टेबलावरून पुढे सरकवलं.

बर्फ कारखान्याचे संचालक दोघंच. ताई थोरल्या, दुसरा त्यांचा धाकटा भाऊ. दोन महिन्यांपूर्वी शीतगृहातली अमोनियाची झडप फुटली आणि एका कामगाराचा डोळा गेला. सुरक्षा खात्याने दोघांवरही खटला भरला होता.

"संचालकांसाठी आमची पॉलिसी आहे," ताई म्हणाल्या. "वकिलाचा खर्च त्यातून मिळतो. माझा बंद केलाय. भावाचा चालू आहे."

"एकच पॉलिसी, आणि एकाचंच बंद?" साडूभाऊंनी विचारलं.

साडूभाऊ म्हणजे नानांचे साडू. नाना पूर्वी विम्याचे सर्व्हेअर होते, आता खाजगी तपास करत. निवृत्त झाल्यापासून साडूभाऊ त्यांच्यामागे हिंडत आणि हमखास भलत्याच माणसावर संशय घेत.

"एका संचालकाला माहीत असलेलं दुसऱ्याच्या माथी मारायचं नाही, असं कलम असतं," नाना म्हणाले. "ताई, तुम्हाला काय माहीत होतं म्हणे?"

ताईंनी एक झेरॉक्स दिली. कुणीतरी ती निनावी पाकिटातून विमा कंपनीला धाडली होती. वर मिस्त्रीची चिठ्ठी: 'तीन नंबरची झडप गळते. बदलावी.' अक्षरं पुसट. खाली 'पाहिले' आणि ताईंची सही, मात्र ठसठशीत. तारीख पॉलिसीच्या नूतनीकरणाआधी चार दिवसांची. नूतनीकरणाच्या अर्जात 'माहीत असलेला धोका' या रकान्यात ताईंनी 'नाही' लिहिलं होतं.

"वळण माझंच आहे, पण सही मी केलेली नाही. शुक्रवारी सुनावणी. तोवर फी भरली नाही तर वकील उभा राहणार नाही. माझा हिस्सा विकावा लागेल."

"घेणार कोण?"

"भाऊच. म्हणाला, परक्याच्या हाती कशाला जाऊ द्यायचा."

बाहेरच्या खोलीतल्या टायपिस्ट बाईंनी आधी हातातलं पत्र पूर्ण केलं.

"शीतगृहात जाऊन रोज फेरी मारायची. एक आठवडा ताई, एक आठवडा धाकटे साहेब," त्या म्हणाल्या. "चिठ्ठीचं म्हणाल तर विमावाल्यांनी झेरॉक्सच पाठवली. मूळ कागद इथे कुणीच बघितलेला नाही."

"बाई फार शांत आहेत," साडूभाऊ जिन्यात कुजबुजले. "यांच्यावर लक्ष ठेवा."

"तुम्ही पायऱ्यांवर ठेवा."

मिस्त्रीने दोघांना जाड कोट दिले आणि शीतगृहाचं दार ओढलं. काटा उणे अठरावर होता. आतल्या भिंतीवर फळी, फळीवर चिमट्यात कागद.

"चिठ्ठी इथेच लावली होती," मिस्त्री म्हणाला. "फेरीला येणारा वाचतो आणि इथेच सही करतो."

"तो आठवडा कुणाचा होता?"

"धाकट्या साहेबांचा. त्याच आठवड्याच्या शेवटी झडप फुटली."

"आणि अपघातानंतर फळीवरचे कागद?"

"तेच घेऊन गेले. इन्स्पेक्टरला द्यायचे म्हणाले."

नानांनी साडूभाऊंचं बॉलपेन घेतलं आणि फळीवर घासलं. कागदावर नुसता चरा उठला.

"माझं पेन बिघडवलंत," साडूभाऊ म्हणाले.

"इथे शाई गोठते, काका." मिस्त्रीने दोरीला बांधलेली शिसपेन्सिल पुढे केली.

नाना दारामागे टांगलेला त्या महिन्याचा फेरीचा तक्ता बघत होते. ताईंच्या आठवड्यातल्या सह्या करड्या, पेन्सिलीच्या. धाकट्याच्या आठवड्यातल्या सहाही सह्या निळ्या, एका ओळीत, झोकदार. नानांनी मिस्त्रीकडे पाहिलं.

"माझ्या पोटावर पाय आणू नका," तो म्हणाला आणि दाराकडे वळला.

धाकट्याने त्यांना आपल्या केबिनमध्ये बसवलं.

"ताईला मी पाठीशी घातलं असतं हो. पण निळ्या शाईत लख्ख सही आहे, मी तरी काय बोलणार? आणि आत तर मीही रोज जातो. मला अशी चिठ्ठी कधी दिसली नाही."

"दंड झाला तर पॉलिसी भरेल?"

"छे. वकिलाचा खर्च तेवढा देतात. दंड ज्याचा त्याने खिशातून भरायचा."

नानांनी ताई, मिस्त्री आणि टायपिस्ट बाईंना तिथेच बोलावून घेतलं. साडूभाऊंनी खुर्ची बाईंजवळ ओढली, त्या पळतील म्हणून.

"चिठ्ठी पेन्सिलीची, म्हणून झेरॉक्समध्ये पुसट आली," नाना म्हणाले. "सही ठसठशीत, म्हणजे पेनाची. आत पेन चालत नाही. म्हणजे चिठ्ठी फळीवरून निघाल्यावर, बाहेर, कुणीतरी ती सही केली. मिस्त्रींना पेन्सिलीचं माहीत आहे, ताईंनाही. ही चूक आत पाऊलही न टाकणाऱ्याची."

"मी आत जात नाही, मलाही ते ठाऊक नव्हतं," टायपिस्ट बाई शांतपणे म्हणाल्या.

"खरंय. पण कागद काढले धाकट्या साहेबांनी. त्यांच्या सहाही फेऱ्या पेनाने सही केलेल्या, म्हणजे तक्ता ऑफिसात मागवून मारलेल्या. चिठ्ठी त्यांच्याच आठवड्यात लागली आणि कुणी न वाचता तशीच लटकत राहिली. हे कोर्टात निघालं असतं तर दंड त्यांच्या एकट्याच्या खिशावर आला असता. ताईंना माहीत होतं असं दाखवलं की हे सुटले, वर हिस्साही पदरात. आणि साहेब, झेरॉक्स काळी आहे. सही निळी आहे हे तुम्हाला कसं कळलं?"

धाकट्याचा हात खिशातल्या किल्लीकडे गेला.

"मूळ कागद शुक्रवारी कोर्टात लागेल, म्हणून तो तुम्ही जपलाच असणार. द्या तो."

धाकट्याने किल्ली काढून खण उघडला आणि कागद टेबलावर ठेवला.

"ताई, माझा वकील..." तो म्हणाला. "त्याचा खर्च आता बंद होणार का गं?"

"निकाल लागेपर्यंत बहुतेक चालू राहील," नानांनीच उत्तर दिलं. "अप्रामाणिकपणा शाबित झाला की दिलेले परत मागतील."

ताईंनी सहीवरून बोट फिरवलं.

"हुबेहूब आहे. किती दिवस सराव केलास?"

"तीन रविवार."

"रविवारी तर तू माझ्याकडे जेवायला यायचास."

"संध्याकाळी, घरी गेल्यावर," तो म्हणाला.

ताईंनी मान हलवली, टायपिस्ट बाईंकडून पेन मागून घेतलं आणि विमा कंपनीला पत्र लिहायला बसल्या. शेवटच्या ओळीखाली सही करायची वेळ आली तेव्हा त्यांचा हात थांबला. पत्र तसंच पुढे सरकवत त्या म्हणाल्या, "नाना, ही सही मीच करतेय, याला साक्षीदार म्हणून तुम्ही शेजारी उभे राहा."