डोळ्यावरचा चौकोन

नवरा छापखान्यात मशीन चालवायचा आणि सुट्टी मिळाली की बंदराच्या धक्क्यावर जाऊन उडते कुरव पक्षी कॅमेऱ्यात टिपायचा. हजारो फोटो. पंखातलं पीस न् पीस मोजून घ्यावं. आणि तो गेला तेव्हा भिंतीवर लावायला त्याचा स्वतःचा धड एक फोटो नाही! ओळखपत्रावर तेवढं टपालाच्या तिकिटाएवढं थोबाड, त्यावरही नेमका डोळ्यांवर शिक्का. शेजारणी म्हणाल्या, "आठवणी असतात की." आठवणी कसल्या डोंबलाच्या! बाईला त्याचं नाक आठवे, खोकला आठवे, पण डोळे काही केल्या आठवेनात. आठवणार कसे? त्यांच्यापुढे जन्मभर कॅमेरा.

एके दिवशी तिने तोच कॅमेरा गळ्यात अडकवला. "एवढं काय बघत होता मेला, बघू तरी," म्हणाली आणि जीभ चावली. लेक कुरकुरत सोबत निघाली.

"सोपं आहे, आई. याला डोळा ओळखता येतो. पक्ष्याचा सापडला की त्यावर पिवळा चौकोन बसतो. मग बटण दाबायचं."

"आणि माणसाचा?"

"माणसाचाही ओळखतो. पण बाबांना माणसं कुठे लागायची!"

धक्क्यावर होड्या लागल्या होत्या. खारट, ओला वारा. मासळीच्या टोपल्यांवर कुरव तुटून पडत होते. बाईने एकावर नेम धरला. चौकोन त्याच्या डोळ्यावर बसला, थरथरला आणि निसटून कठड्याच्या टोकाशी जाऊन थांबला.

तिथे कोणी नव्हतं.

तिने दुसरा पक्षी धरला. चौकोन पुन्हा तिथेच.

"बिघडलाय," म्हणत लेकीने कॅमेरा घेतला. तिच्या हातात चौकोन गुमान पक्ष्यांवर बसला. "काही नाही, तुझाच हात हलतोय," म्हणून तिने तो परत दिला.

तेवढ्यात एक कुरव खाली आला. कठड्याच्या टोकाशी, माणसाच्या खांद्याइतक्या उंचीवर त्याने पंख मिटले. आणि उभा राहिला. पायाखाली नुसती हवा.

लेकीने आईचा दंड धरला.

"आई, घरी चल."

"थांब."

"कॅमेरा खाली घे, आई!"

बाईने घेतला नाही. खाली घेतला तर समोर रिकामा कठडा असणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

कुरव उडाला.

चौकोनाचे दोन झाले. शेजारी शेजारी.

मग मोठे होऊ लागले.

"बघा इकडे," बाई म्हणाली. "एकदा तरी बघा माझ्याकडे." तिने बटण दाबून धरलं.

आणि सगळं धूसर झालं. लेकीने कॅमेरा हिसकावून घेतला.

"त्यांचा डावा डोळा जरा बारीक होता गं," बाई हसत होती, रडत होती. "विसरलेच होते मी."

लेकीने भिंगावर समोरून धरलेली वाफ रुमालाने पुसली. तिच्या देखत ती पुन्हा धरली. विरली. पुन्हा धरली.