फाटकासमोरची मोकळी जागा

बायकोच्या गाडीची वेळ रद्द करायची, एवढंच काम होतं. माणूस गेल्यावर अशी कामं मागे उरतात. बाकीची एकेक करून उरकली होती, हे तेवढं राहिलं होतं.

आमच्या शहरात कुठली गाडी कधी निघेल हे यंत्र ठरवतं. पूर्वी पुलाखाली इतकी कोंडी व्हायची, की माणसं गाडीतच डबा उघडून जेवायला बसायची. मग ही यंत्रणा आली. आदल्या दिवशी फोनवर वेळ येते. त्या वेळेला निघालं की सिग्नल आपोआप हिरवे होत जातात, आणि पुढच्या गाडीपासून किती अंतर ठेवायचं तेही गाडीतला पडदा सांगतो. कोंडी गेली, हॉर्न गेले. बायको म्हणायची, आईचं नाही तर निदान यंत्राचं तरी ही पोरगी ऐकेल.

पोरीनं यंत्राचंही ऐकलं नाही. बायको रोज तिला कॉलेजला सोडून पुढे आपल्या लॅबमध्ये जायची. गाडी फाटकाशी उभी, आणि आतून हाक यायची, "आई, दोनच मिनिटं." एके दिवशी बायको वैतागली आणि तिला न घेताच निघाली. पुलाखालच्या वळणावर ट्रक आडवा आला. गाडीचा चेंदामेंदा झाला. उरलेला सांगाडा मी भंगारात दिला.

वाहतूक नियंत्रणाच्या खोलीत गार होतं. भिंतभर पडदे, आणि त्यांवर सगळं शहर आवाजाशिवाय सरकत होतं. तिथल्या इंजिनीअर बाई तरुण होत्या. त्यांनी गाडीचा नंबर टाकला आणि पडद्यावरची ओळ दोनदा वाचली. मग खालच्या आवाजात म्हणाल्या की बंद गाडीची वेळ रद्द करता येते, पण ही गाडी रोज रस्त्यावर असते.

गाडी भंगारात गेल्याचं मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि त्याच सकाळचं चित्रण लावलं. वरून दिसणारी आमची गल्ली. गाड्यांची रांग सरकत होती, आणि त्या रांगेत एका गाडीएवढी जागा मोकळी होती. तीही रांगेबरोबर सरकत होती. आमच्या फाटकासमोर येऊन ती थांबली. मागच्या गाड्या थांबल्या. कुणी हॉर्न वाजवला नसावा, कारण कुणी मान वळवूनही पाहत नव्हतं. मग थोड्या वेळानं सगळं पुढे निघालं.

"बिघाड असेल," मी म्हणालो.

"आम्हालाही तसंच वाटलं, सर. म्हणून एकदा आमच्या ड्रायव्हरला मुद्दाम त्या जागेत गाडी घालायला सांगितलं." त्यांनी चित्रण बंद केलं. "तो आता गाडीत बसत नाही."

का, ते विचारायचा मला धीर झाला नाही. मी उठलो तेव्हा त्यांनीच विचारलं, घरी आणखी कोण असतं. मुलगी, मी म्हणालो.

"आतापर्यंत या गाडीच्या नोंदीत एकच माणूस दिसायचा, सर. उद्याच्या वेळेला... दोन दिसतायत."

मी हात जोडले. रद्द करा म्हणालो. त्यांनी माझ्यासमोरच कळ दाबली. पडद्यावरची ओळ पुसली गेली आणि परत उमटली. त्यांनी पुन्हा दाबली. मग हात मांडीवर घेतला.

घरी आल्यावर मी मुलीला एवढंच म्हणालो, की उद्या कुठे जायचं नाही. तिनं कारण विचारलं नाही. ताटातलं अन्न चिवडत म्हणाली, "मला रोज कळतं बाबा, ती आलीय ते."

सकाळी मी तिचं मनगट धरून फाटकाच्या आत उभा राहिलो. रांग आली. ती जागा आली आणि थांबली. ऊन चांगलं पडलं होतं, पण त्या जागेत रस्ता ओला दिसत होता, आणि तापलेल्या रबराचा वास येत होता. मागच्या गाडीतला माणूस शांतपणे समोर बघत होता, जसा माणूस पुढच्या गाडीकडे बघतो.

"बाबा, सोडा," मुलगी हळूच म्हणाली. "तिला उशीर होतोय."

मी सोडलं नाही. माझी बोटं तिच्या मनगटात रुतली. कितीतरी वेळानं ती जागा हलली आणि कोपऱ्यावरून वळली. मुलीचं मनगट माझ्या हातातच होतं. मी देवाचे आभार मानले. तेवढ्यात खिशातला फोन थरथरला, बायकोच्या गाडीचा संदेश होता. गाडी निघाली. माणसं, दोन.

त्यानंतर मुलगी माझ्याजवळच आहे. जेवते, अभ्यास करते, विचारलं की उत्तर देते. डॉक्टर म्हणतात, दुःख आहे, वेळ लागेल.

पण आमच्या चौकात पायी रस्ता ओलांडणाऱ्यांसाठी खांबावर एक पाटी आहे. रस्त्यावर माणसं किती, ते यंत्र मोजतं, पाटीवर आकडा येतो, आणि शेवटचा माणूस पलीकडे पोचेपर्यंत गाड्या थांबून राहतात. आम्ही दोघं रस्त्यावर उतरतो तेव्हा पाटीवर एक येतो. पहिल्यांदा मी चार पावलं पुढे होतो. माझा पाय फुटपाथला लागला आणि ती रस्त्यात असतानाच गाड्या सुटल्या. कसंबसं मी तिला ओढलं.

तेव्हापासून मी नेहमी तिच्या मागे चालतो. तिला पलीकडे पोचवल्याशिवाय रस्ता सोडत नाही. नियंत्रण खोलीत दोनदा जाऊन आलो. त्या बाई आता तिथे नसतात.

काल चौकात मुलगी कडेला थांबली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाबा, तुम्ही व्हा पुढे. मी येते."