लोइसच्या दगडावरची कवटी

इनॉक, दार लाव. अन् तो सायडरचा मग इकडे दे, तुला मिशी फुटायला अजून वेळ आहे.

हल्ली तुमच्या थडग्यांच्या दगडांवर कलश अन् वाकलेलं झाड कोरतात. जसा काही मेलेला माणूस बागेत हवा खायला गेलाय! आमच्या वेळी कवटी असायची. दोन पंख, विचकलेले दात. कोरायचा आमचा जेबेझ. त्याच्या कवट्यांपुढे रूबेनची सासूसुद्धा देखणी दिसायची.

हसा. जेबेझही हसायचा. रिकाम्या दिवसांत दगडांवर कवट्या कोरून ते भिंतीला टेकवून ठेवायचा, नावापुरती जागा मोकळी. त्याची लोइस, सहा वर्षांची, तिथून जाताना डोळे झाकायची.

"बाबा, ह्या झोपत का नाहीत?"

"पापण्या नाहीत ना त्यांना."

"माझ्यावर नको हं असली. मला झोप नाही येणार."

त्या वर्षी पानगळीत घशाचा रोग आला. लोइस गेली. बाप नुसता बधिर. भिंतीला तयार दगड होता... त्यावर नाव घातलं, उभा केला.

मग पहिला बर्फ पडला, तो शनिवार. सूर्य मावळला की शब्बाथ लागला, रविवार संपेपर्यंत देवाचा वार, हत्याराला शिवायचं नाही. अन् हा माझ्या दारात, हातात छिन्नी, कंदील मागतोय.

म्हटलं, "काय रे, देवळातल्या डीकनच्या हातून मार खायचाय?"

तो हसला नाही.

"लोइस येते," म्हणाला. "रोज रात्री. ऱ्होडाच्या उशाशी उभी राहते. म्हणते, आई, ती बघते गं माझ्याकडे. ऱ्होडा गोधडी उचलून धरते... पोरगी आत शिरत नाही. पहाटेपर्यंत उभीच."

मी कंदील दिला. थट्टा सुचली नाही.

पुढचं त्यानंच सांगितलं मला. बर्फात गुडघे टेकून बसला. दात तासले, ओठ कोरले. गाल कोरले. पण डोळे? खोबणी खोल गेलेली. काढलेला दगड परत येत नाही. पापणी आणायची कुठून? नुसता अंगठा फिरवत राहिला.

कंदील विझला.

मागे पावलं. हलकी.

"बाबा..."

त्यानं वळून पाहिलं नाही.

"झोप ना गं, बाळा."

...

अंगठ्यावर एक हात आला. एवढासा. गार.

...

मग काहीच नाही.

त्या रात्री ऱ्होडानं गोधडी उचलून धरली. कोणी आलं नाही. उजाडेपर्यंत धरली. मग तशीच अनवाणी थडग्याकडे धावली.

देवळाला निघालेले आम्ही सगळे तिथंच थांबलो. डीकन तर लांबूनच गरजत आला, "शब्बाथच्या रात्री हातोडा! कोण तो पापी?"

ऱ्होडानं ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला, डीकन. आत्ताच डोळा लागलाय तिचा."

मी वाकून बघितलं. ओठ वाकडे, गालांवर छिन्नीचे ओरखडे. ते जेबेझचं काम, मी ओळखतो.

पण खोबण्या भरलेल्या. दोन पापण्या. त्याच काळ्या दगडाच्या, कुठं सांधा नाही.

मिटलेल्या.