आत्या, अजून थोडं मागे

माझी चुलतबहीण सेजल हिचा साखरपुडा कुडपणला काकांच्या पडवीत होता. बाहेर भादव्यातली भुरभुर, आत माणसांची दाटी. मी ओवाळणीचं ताट धरून उभी, आणि माझ्या कोपराला कोपर लावून फोटोवाला. केसांवर पावसाचे थेंब, हातात छोटासा काळा कॅमेरा, आणि त्या कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवलेली आणखी एक इवलीशी दुर्बीण.

नवऱ्या मुलानं अंगठी सरकवली. फोटोवाल्यानं एक डोळा मिटून खटाखट फोटो काढले. चेहऱ्यावर अगदी समाधी.

"अहो," मी हळूच म्हटलं, "झाकण..."

"काय?"

"लेन्सला झाकण आहे अजून."

"मला तर सगळं दिसतंय."

"तुम्हाला दिसतंय हो. कॅमेऱ्याला दिसतंय का?"

त्यानं कॅमेरा उलटा करून बघितला. आधी कानाच्या पाळ्या लाल झाल्या, मग गाल. मग त्यानं घसा खाकरला. "मंडळी, अंगठी जरा परत घालू या का? उजेड कमी पडला."

उजेड! मी तोंडाला पदर लावला. शाळेत गृहपाठ न केलेला मुलगा बाकावरच्या शेजारणीकडे बघतो, तसं त्यानं माझ्याकडे बघितलं. मी झाकणाचं कुणाला सांगितलं नाही. सेजलला अंगठी दुसऱ्यांदा घातली गेली. भटजींनी दोन अक्षता जास्त टाकल्या.

पंगतीत तो जिलबीचं ताट घेऊन वाढायच्या निमित्तानं माझ्यासमोर आला. "तुमचे उपकार झाले. मी मंगेश. पोलादपुरात स्टँडसमोर माझा स्टुडिओ आहे."

"मी अपेक्षा. आणि हा कसला कॅमेरा, झाकण असलं तरी कळत नाही?"

तो तिथेच उकिडवा बसला. "याला रेंजफाइंडर म्हणतात. बाकीच्या कॅमेऱ्यांत तुम्ही लेन्समधून बघता. यात बाजूच्या खिडकीतून बघायचं. लेन्स आपलं काम करते, डोळा आपलं. मुंबईला मी जाहिरातींचे फोटो काढणाऱ्या साहेबांकडे होतो. त्यांनी काम बंद केलं तेव्हा हा मला दिला. सोबत ही एकच लेन्स. खूप रुंद. एवढी रुंद, की त्या खिडकीत मावत नाही, म्हणून वर ही दुसरी दुर्बीण."

"आणि एवढ्या रुंदीचं करायचं काय?"

"ही बारकी पडवी बघा. मागे सरकायला जागाच नाही. दुसऱ्याच्या कॅमेऱ्यात निम्मं गाव कापलं गेलं असतं. माझ्यात कुणीच सुटत नाही." मग जरा थांबून म्हणाला, "...फक्त कडेला उभं राहायचं नसतं."

ते शेवटचं वाक्य त्यानं सगळ्यांना सांगायला हवं होतं.

चार दिवसांनी घरच्या ग्रुपवर फोटो आले आणि आमच्या घरी वादळ उठलं. माझी आवडी आत्या, जिनं मला आईच्या माघारी वाढवलं, ती जन्मभर नम्रपणानं फोटोत कडेला उभी राहत आलीय. 'माझं काय मेलीचं, मी हितं बरी' म्हणत. या फोटोतही होती. मधले सगळे छान होते. कडेची आत्या मात्र आडवी ताणली गेली होती. तिचा एक दंड काकांच्या बैलाच्या मानेएवढा, आणि त्यावर जांभळी झाक.

"ही मी?" आत्यानं फोन लांब धरला, मग जवळ धरला. "गो अपेक्षा, ही मी हाय का रखवालीचं बुजगावणं?"

"आत्या, ती लेन्स रुंद असते. कडेचा माणूस ताणला जातो."

"तुला कसं ठाव?"

मी फोनमध्ये डोकं घातलं.

पोलादपुरात त्याचं नाव 'फुगवा फोटोवाला' पडलंय, हे मला त्यानंतर कळलं. लग्नांतल्या बायका त्याला बघितलं की मधली जागा धरायला धावतात म्हणे. एका बारशात तर दोन जावा मधल्या जागेवरून बाळासकट भांडल्या.

याच सुमारास आत्यानं माझ्यासाठी स्थळ काढलं. मुलगा चंद्रकांत, घरी चंदू, विक्रोळीला नोकरी, मूळचा हिरकणीवाडीचा. सगळं उत्तम. अडचण एवढीच, की मला मुंबईला जायचं नव्हतं. महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीच्या प्रयोगशाळेत मी नमुने तपासते. सकाळची बस, पांढरा कोट, काचेच्या नळ्या, आणि कामात कुणी चूक काढू शकत नाही याची ऐट. नुकतंच एक टेबल माझ्या एकटीच्या नावावर झालं होतं. पण ज्या आत्यानं स्वतःचं सगळं बाजूला ठेवून मला शिकवलं, तिच्या तोंडावर 'नको' कसं म्हणायचं? जीभ उचलत नव्हती.

"त्यांना फोटू पाठवायचाय," आत्या म्हणाली. "चांगलासा काढून घे. मागं आपलं शेत दिसू दे."

आणि माझ्या डोक्यात दिवा लागला.

दुसऱ्या दिवशी कंपनीतून येताना मी स्टँडसमोर उतरले. स्टुडिओ म्हणजे एक लांबट खोली, त्यात तो आणि एक स्टूल.

"मला माझा एक वाईट फोटो हवाय," मी म्हटलं.

मंगेशनं स्टूल पुसता पुसता हात थांबवला. "वाईट?"

"शक्य तितका. स्थळाकडे पाठवायचाय. त्यांनी नको म्हटलं पाहिजे."

"हे बघा, वाईट फोटो मी काढतो. पण चुकून. मुद्दाम कधी काढला नाही."

"आत्याला बैल केलंत ते?"

"ते चुकून." त्यानं स्टूल माझ्यापुढे ठेवलं. "मुलगा... आवडला नाही का?"

"बघितलाच नाही."

"मग?"

"मला इथून जायचं नाही."

"अच्छा." तो खाली बघून उगीचच कॅमेऱ्याचा पट्टा गुंडाळत बसला. गुंडाळून झाल्यावर परत सोडला. "मग काढू या. चांगला वाईट काढू."

रविवारी तो आमच्या शेतावर आला. पाऊस थांबला होता, बांधांवर पिवळी फुलं, भात पोटरीला आलेलं. आत्या अर्थातच राखणीला हजर, छत्री घेऊन, माझ्यापासून दोन हातांवर.

मंगेशनं वरच्या दुर्बिणीला डोळा लावला. "आत्या, तुम्ही येताय त्यात."

आत्या दचकली. बैलाची मान आठवली असावी. ती चटकन मागे सरकली. "आता?"

"अजून थोडं मागे."

"आता रे?"

"अजून आहात."

"मेल्या, तुझ्या भिंगात आख्खा तालुका मावतो का काय?" असं म्हणत आत्या एक बांध उतरली. "आता?"

"छत्री दिसतेय."

आत्यानं छत्री मिटली, दुसरा बांध उतरली आणि भातापलीकडे नाहीशी झाली. लांबून आवाज आला, "आता गेले का मी?"

"गेलात!" मंगेश ओरडला.

मी हसू दाबत विचारलं, "खरंच एवढ्या लांब जावं लागतं?"

"नाही," तो हळूच म्हणाला. "पहिल्या बांधालाच गेल्या होत्या."

मी उगीचच बांधावरचं एक पिवळं फूल तोडलं.

"आता जवळ यावं लागेल," तो म्हणाला.

"कुणी?"

"मी. लांबून काढला तर तुम्ही नीट दिसाल. वाईट दिसायचं तर एका हातावर." तो आला. हात लांब करून त्यानं माझ्या नाकापासून अंतर मोजलं. बोटं नाकाला लागायच्या आत थबकली. "या लेन्सला अंतर अंदाजानंच लावावं लागतं. हलू नका... श्वास घेतलात तरी चालेल."

"घेतेय."

"नाक पुढे करा. हात असा माझ्याकडे. थोडं कडेला. बास."

त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला, पण वरच्या दुर्बिणीला नाही, बाजूच्या खिडकीला.

"यातून काय दिसतं?" मी विचारलं. "भोपळा?"

"नाही. यातून माणूस आहे तसा दिसतो. लेन्स तिकडे तुमची काय वाट लावतेय ते मला कळत नाही." तो जरा थांबला. "मला तुम्ही वाकड्या दिसतच नाही, हीच अडचण आहे."

तेवढ्यात एक सर आली, बारीक, उन्हातली. त्याच्या पापण्यांवर थेंब बसले, तरी त्यानं डोळा मिटला नाही. आणि भातापलीकडून आत्या ओरडली, "झालं का रे? मला मुंग्या चावतायत!"

मला हसू फुटलं. खळखळून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. खट् असा बारीक आवाज झाला.

फोटो मात्र अप्रतिम वाईट होता. नाक भोपळ्याएवढं, पुढे आलेला हात वल्ह्यासारखा, एक गाल जांभळा, आणि मागे हिरव्या भातातून ओरडायला वर आलेलं आत्याचं मुंडकं. आत्याला फोन नीट चालवता येत नाही, म्हणून मीच तिच्या फोनवरून तो विक्रोळीला पाठवला आणि नकाराची वाट बघत बसले.

आठवड्यानं आत्या नाचतच आली. "बघायला येतायत! रविवारी!"

मी स्टुडिओत धावले. "येतायत!"

"तो फोटो बघून?" मंगेशचा चेहरा उतरला. "काय माणसं आहेत..."

"आता काय करू?"

त्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. पासपोर्ट फोटोसाठी एक आजोबा आत आले. तो म्हणाला, "बसा बाबा." मी निघून आले. वाटेत मला आजोबांचा राग आला, मग मंगेशचा, मग स्वतःचा.

रविवारी चंदू आणि त्याची आई रखमाबाई आले. चंदू गोरा, अबोल, चष्मा लावलेला. मी चहा घेऊन गेले. रखमाबाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, मग फोन काढला, मग परत मला.

"गो, तू तर बरी हायस की!"

आत्यानं फोनमध्ये डोकावलं आणि तिच्या घशातून विचित्र आवाज आला. तो फोटो ती पहिल्यांदाच बघत होती. मी जमिनीकडे.

तेवढ्यात अबोल चंदूला कंठ फुटला. "मला एक विचारायचंय. किती वेळ विचारीन म्हणतोय." आम्ही सगळे सावरून बसलो. "ही लेन्स कुठली?"

"चंद्या!" रखमाबाई.

"आई, कडेची जांभळी झाक बघ! एवढी रुंद लेन्स रेंजफाइंडरला लावली की असंच येतं. मी फक्त वाचलंय. कुणाकडे आहे इथे?"

"म्हणून आलाय ह्यो," रखमाबाई आत्याला म्हणाल्या. "मुलगी बघायला आजवर घराबाहेर पडला नव्हता. मी म्हटलं, चला, काही का होईना." मग त्या माझ्याकडे वळल्या. आवाज मऊ झाला. "पण मी वेगळ्या कामासाठी आले. नाक सोड, गाल सोड. ह्या फोटूत तू हसतेस ना, तसं मोकळं हसणारी पोर घरात यावी असं वाटलं. मग पुन्हा पुन्हा बघितलं. आणि वाटलं, ही भिंगाकडं बघतच नाय. ही भिंगामागं बघतेय. फोटू काढला कुणी?"

माझे कान तापले.

"बोल गो," आत्या म्हणाली.

"मंगेशनं," मी म्हटलं. आणि मग सगळंच बाहेर पडलं. नोकरी, वाईट फोटो, दोन बांध. "आत्या, मला मुंबईला जायचं नव्हतं. तुला सांगायची हिंमत झाली नाही."

आत्या कपबशी खाली ठेवत म्हणाली, "मी काय तुला खाल्ली असती? शिकवली ती काय गप बसायला?" तिचे डोळे भरले होते आणि राग बांधापलीकडे धाडल्याचा होता. "नि त्या फुगव्यानं मला मुंग्यांत बसवलं! बोलव त्याला. आत्ताच्या आत्ता."

मंगेश आला तो धापा टाकत. चंदूनं त्याला उंबऱ्यातच गाठलं. दोघं कॅमेऱ्यावर वाकून झाकण, दुर्बीण, झाक असं बोलत राहिले, नि मी चहाचा ट्रे धरून उभी. शेवटी रखमाबाईंनी मुलाला दंडाला धरून बाजूला केलं.

"पोरा, ही तुला आवडते का?"

मंगेशनं आत्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "हो."

"कमावतोस काय?" आत्या.

"थोडं. वाढतंय. महाडच्या एका कंपनीनं मशिनरीचे फोटो दिलेत. अरुंद जागा असते, माझ्याशिवाय कुणाला जमत नाही."

"हिची नोकरी?"

"ती तिची आहे. मी सकाळी बसला सोडायला जाईन."

"घरात कोण?"

"आई. ठकूबाई. कापड्याला असते."

आत्यानं पदर खोचला. "आयशीला घेऊन ये. पुढलं तिच्याशी बोलीन."

रखमाबाईंनी चहा संपवला, माझ्या गालावर हात फिरवला, आणि चंदूला घेऊन निघाल्या. चंदू जाताना मंगेशचा नंबर घेऊन गेला.

बाहेर जोराची सर लागली होती. मंगेश ओटीवरून उतरला, दोन पावलं गेला आणि भिजत परत आला.

"काय राहिलं?" मी विचारलं.

"सांगायचं राहिलं. सगळ्यांसमोर नुसतं 'हो' म्हटलं... ते काही सांगणं नव्हे." तो माझ्याजवळ आला आणि फार हळू, फार नीट, ते बोलला.

पत्र्यावर पाऊस कोसळत होता. आतून आत्या गरजली, "काय म्हणला रे? मोठ्यानं बोल, हितं ऐकायला येत नाय!"

मंगेशनं डोळे मिटले, छाती भरून घेतली आणि ओरडला, "माझं अपेक्षावर प्रेम आहे!"

समोरच्या घराची खिडकी उघडली. कोपऱ्यावरच्या दुकानात कुणीतरी शिट्टी मारली.

"बरं," आत्या आतून म्हणाली. "आता तू बोल गो."

मी मात्र त्याच्या ओल्या कानाशी तोंड नेलं आणि माझं उत्तर हळूच दिलं. आत्या अजून विचारतेय.