बोडीवरचं मैदान

ठराव करायचा आणि तो कपाटात ठेवायचा, अशी गोंदियाच्या नगर कमिटीची जुनी रीत. पण ज्या वर्षी गावाबाहेरची बोडी बुजवून खेळाचं मैदान करायचा ठराव झाला, त्या वर्षी कोणाच्या डोक्यात काय शिरलं कोण जाणे, आठ महिन्यांत काम उभं राहिलं. बोडी म्हणजे लहानसं तळं. तिथल्या डासांनी अर्ध्या गावाला हिवताप दिला होता, त्यामुळे फारसं कोणी हळहळलं नाही. तिच्यात मुरूम पडला, बैलांनी त्यावरून दगडी रूळ ओढला, पत्र्याच्या छपराखाली लाकडी पायऱ्यांची गॅलरी झाली. खेळाडूंना कपडे बदलायला एक खोलीसुद्धा निघाली. इंग्रज अमदानीत गोंदियाला एवढा थाट पहिल्यांदाच लाभत होता.

या सगळ्याची राखण केवळरामकडे होती. माणूस कामठ्याचा, पन्नाशीचा, कामाला वाघ. मैदानावर एक काडी जरी आडवी दिसली तरी त्याला चैन पडत नसे. पण मैदानाच्या अगदी मधोमध एक पोकळ वेळू वीतभर वर आलेला होता, त्याला मात्र तो कधी हात लावत नसे. तो वेळू फागूने रोवला होता.

फागू जंगलपट्ट्यातला म्हातारा गोंड, मुरूम टाकणाऱ्या टोळीचा मुखिया. त्याच्या गावची रीत अशी, की बोडी बुजवताना सगळ्यात खोल जागी पोकळ वेळू उभा करायचा आणि त्याचं तोंड उघडं ठेवायचं.

"बोडीत जे बुडाले, ते दम धरून बसले राह्यतेत," तो म्हणाला होता. "त्याहीले वारा भेटू दे, भाऊ. तोंड बंद करशील, त दुसऱ्याचा दम मांगतीन."

बुडालेले तिघे होते. चाळीसेक वर्षांमागच्या, संवत छप्पनच्या दुष्काळी कामावरचे कामठ्याचे मजूर, पुढच्या पहिल्याच पावसात पाळ म्हणजे बांध खचून पाण्यात गेलेले. त्यांची प्रेतं कधी वर आलीच नाहीत. केवळराम तेव्हा लहान होता, पण त्यांच्या बायकांचं रडणं त्याला आठवत होतं. म्हणून त्याने मान डोलावली होती.

पौषातल्या एका दुपारी गोऱ्या साहेबाच्या हातून मैदानाचं उद्घाटन ठरलं. हुतुतूचा सामना, गोंदिया विरुद्ध तिरोडा. गोंदियाचा भरवशाचा गडी म्हणजे केवळरामचा धाकटा भाऊ चैतराम. आई बाळंतपणात गेली, तेव्हापासून केवळरामनेच त्याला वाढवलेलं. केवळरामला स्वतःचं मूलबाळ नाही, त्यामुळे सगळा जीव या एकावर. पोराचा दमही असा, की एका श्वासात 'हुतुतू' करत पलीकडे जायचा, दोघा-तिघांना शिवायचा, आणि परत आला तरी दम शिल्लकच.

सकाळी केवळरामने चुन्याची आखणी केली. मधली रेघ नेमकी वेळूवरून गेली. कमिटीचे ओव्हरसियर मुन्नालाल बघायला आले आणि तिथेच थबकले.

"ये बांस क्यों खड़ा है? साहब का पैर अटक गया तो?"

"साहेब, थो... बुडालेल्याइच्या वाऱ्यासाठी आहे."

मुन्नालाल पोट धरून हसले. "अरे, दो घंटे की तो बात है. बाद में खोल देना."

आखणी पाच हात सरकवली असती तर भागलं असतं. केवळरामच्या मनात ते आलंही. पण रेघ इतकी सरळ उतरली होती, की पुसायला त्याचा जीव होईना. दोन तासांनी काय होतंय, असं म्हणत त्याने वेळू जमिनीलगत कापला, तोंडात चिंधी कोंबली, वर मुरूम ठोकला आणि चुना फिरवला.

दुपारी गॅलरी भरली. साहेब आले, हारतुरे झाले, सामना सुरू झाला. चैतराम चढाईला निघाला. मधल्या रेघेवर त्याचा पाय पडला, तेव्हा तो किंचित अडखळल्यासारखा केवळरामला वाटला.

"हुतुतू, हुतुतू, हुतुतू..."

तिरोड्याच्या चौघांनी त्याला घेरून खाली पाडलं. आवाज चालूच. लोकांनी टाळ्या पिटल्या, शिट्ट्या मारल्या. मग टाळ्या विरळ झाल्या. एवढा वेळ कोणाचा दम टिकतो? धरणाऱ्या गड्यांनी आपणहून हात सोडले आणि ते मागे सरकले. चैतराम पालथा पडला होता, त्याचं तोंड मातीत रुतलं होतं. तरी 'हुतुतू' चालूच होतं, आणि ते एका गळ्याचं नव्हतं...

केवळराम धावला. गॅलरीखालची लोखंडी सब्बल उचलून त्याने आपलीच सरळ रेघ फोडली. मुरूम उडाला, चिंधी हाती लागली, त्याने ती उपसून काढली. आजूबाजूचा चुना भसकन त्या भोकात ओढला गेला. जमिनीने छाती भरून श्वास घेतला होता. खालून चिखलाचा, कुजलेल्या गवताचा जुना वास आला आणि आवाज थांबला.

चैतराम उठून बसला. "कायले घाबरतेस, दादा? मले काई नाई झालं."

केवळरामने त्याला छातीशी धरलं आणि हजार माणसांसमोर तो ओक्साबोक्शी रडला. पोराचं अंग गार लागलं, पण दिवस थंडीचेच होते. भाऊ हाती लागला, यापलीकडे त्याला काही नको होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात शेकोटी पेटली. धानाच्या बांध्यांवर पांढरं धुकं बसलं होतं. चैतराम आगीजवळ बसून शेजाऱ्यांना सामना रंगवून सांगत होता. एवढ्यात त्याची बायको वच्छला केवळरामच्या मागे येऊन उभी राहिली. थोरल्या दिराशी ती आजवर एक शब्दही बोलली नव्हती. आज पदर ओढूनच ती कुजबुजली.

"त्यायच्या तोंडाकडे पाहा न जी..."

तिच्या पदराआडून वाफ निघाली. केवळरामच्या तोंडातून निघाली, शेजाऱ्यांच्या निघाली, खुंट्याला बांधलेल्या बैलाच्या नाकपुड्यांतूनसुद्धा निघत होती.

चैतराम मोठ्याने हसला. मग त्याची नजर इकडे वळली.

"असा काऊन पाहून राहिला, दादा?"

त्याच्या तोंडापुढची हवा स्वच्छ होती.